चौदा दिवसांत अकरा मुक्काम

सिंदी मेघे, वर्धा
६ जुलै २०२५

प्रति,
चि. मोनाली, पुणे.

विषय : चौदा दिवसांच्या परदेश फेरीच्या वेळापत्रकातील चुकांबाबत.

जय भीम.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, तुझ्या आईच्या फोनवर तू पाठवलेली यादी मी पाहिली. मी मागितली नव्हती. तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला आणि "वाचा" म्हणाली. म्हणून वाचली.

वाचून झाल्यावर चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. १ ऑक्टोबरला मुंबईहून पॅरिस. तिथं गाडी भाड्यानं. मग ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, हायडेलबर्ग, ल्युसर्न, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस, साल्झबर्ग आणि प्राग. चौदा दिवसांत अकरा मुक्काम! बाप्पा! हा हनिमून आहे का यात्रा स्पेशल?

मी छत्तीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची सतरा डेपोत कंट्रोलर म्हणून. कोणती गाडी किती वाजता सुटेल, कुठं किती थांबेल, कोणता ड्रायव्हर कधी झोपेल, हे मी ठरवत होतो. तेव्हा मला या विषयात बोलायचा अधिकार आहे, बाकी विषयांत नसला तरी.

तुझी पहिली चूक ही की मोबाईलनं सांगितलेला वेळ तू जशाचा तसा धरलास. मोबाईलला लघवी लागत नाही, चहा लागत नाही. चार तास दाखवले की साडेपाच धरायचे. दुसरी चूक मोठी आहे. प्रत्येक गावात गाडी लावायला जागा शोधणे, बॅगा उतरवणे, खोली सापडणे, तोंड धुणे आणि सकाळी हेच सगळं उलटं, यात कमीत कमी तीन तास जातात. अकरा गुणिले तीन, तेहतीस. म्हणजे जवळजवळ दीड दिवस तुम्ही फक्त बॅगा उचलणार. लोक त्यासाठी हमाल ठेवतात, युरोपात जात नाहीत.

शिवाय गाडी चालवणारी व्यक्ती एकच दिसते. तिकडं गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर डोकं उलटं फिरवावं लागतं. आमच्याकडे लांब पल्ल्याच्या चालकालाही दुसऱ्या दिवशी आराम असतो. तुझ्या तक्त्यात चालकाला चौदा दिवस आराम नाही.

तुझ्या लग्नाच्या वेळी मला रजा मिळाली नाही, हे तुला तेव्हाच कळवलं होतं. त्यानंतर तू माझा फोन उचलत नाहीस. कारण समजलं नाही. असो, तो या पत्राचा विषय नाही. कागदावर लिहितोय कारण मेसेज न वाचता पुसता येतो. कागद फाडायला तरी हातात घ्यावा लागतो.

कळावे.
प्रेमदास
सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक

मोना, मी आई. ह्यायनं हे पत्र लिहाले तीन दिवस लावले, चार कागद फाडले. पोस्टात टाकाले कोणाले देत नाई म्हणे, स्वतः वर्ध्याले जातो म्हणे. रागानं फेकून नको देजो, वाचजो.


सिंदी मेघे
१६ जुलै

चि. मोनाली,
जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. पण काल तुझ्या आईच्या फोनवर नवीन यादी आली. अकराची सात झाली होती. ब्रसेल्स, हायडेलबर्ग, मिलान, प्राग गेले. मी उठलो आणि अंगणात दोन चकरा मारल्या. तुझी आई म्हणते मी हसून राह्यलो होतो. तिचे डोळे एकदा तपासून घ्यायचे आहेत.

आता मुद्द्याचं. तुझी पहिली यादी तपासायची म्हणून मी मोबाईलमध्ये नकाशा उघडला, आणि मोनाली, मला कोणी आधी सांगितलं काऊन नाही? रस्त्यावर बोट ठेवलं की रस्ता उघडतो! आत उभं राहता येतं, मान वळवता येते. मी आठ दिवसांपासून तिकडंच आहे. जेवायला तेवढा सिंदी मेघेत येतो.

ल्युसर्नहून इटलीकडे जाताना एक बोगदा आहे. गॉटहार्ड त्याचं नाव. जवळजवळ सतरा किलोमीटर! इथून सेलूपर्यंत जा, सारं डोंगराच्या पोटातून, मध्ये आभाळाचा एक तुकडा नाही. मी तो बोट सरकवत सरकवत पार केला. मधल्या भागात मला खरंच कोंडल्यासारखं झालं, पाणी प्यायलो. बाहेर निघालो तर समोर डोंगर, त्यावर बर्फ, आणि खाली आपल्या पवनारच्या नदीएवढीच एक नदी, पण निळी. इतकी निळी की मला वाटलं फोनची काच बिघडली. माणसानं काय काय करून ठेवलं आहे गं. आणि माणसाच्या आधीच काय काय करून ठेवलेलं होतं.

दुसरी गोष्ट. तिकडच्या एका खेड्यातल्या बसचं वेळापत्रक मला सापडलं. इंटरलाकेनच्या वरचं खेडं. घरं मोजली, साठ नसतील. तिथली पिवळी बस दर तासाला त्याच मिनिटाला सुटते. नऊ वाजून चार, दहा वाजून चार, अकरा वाजून चार. रेल्वे ज्या मिनिटाला येते त्याच्या सहा मिनिटांनी बस निघते, म्हणजे म्हातारी बाई पिशवी घेऊन सावकाश आली तरी तिला मिळते. मी आयुष्यभर वेळापत्रकं बनवली. एसटी आणि रेल्वेचं जुळवून द्या म्हणून सतरा वर्षं लोक माझ्या खिडकीशी भांडले, आणि मी म्हणत होतो, असं जगात कुठंच होत नसते. होते. मी हात जोडले त्या कागदाला.

आणि ऐक. त्या इंटरलाकेनमध्ये एक कॅमेरा लावलेला आहे, चोवीस तास चालू. आपले साडेतीन तास पुढं. म्हणजे आपण सव्वानऊला चहा घेऊन बसलो की तिकडं दिवस निघतो. आधी डोंगर काळा असतो. मग टोकावर एक ठिपका पेटतो, लालसर, आणि खाली खाली उतरत येतो. मी ओरडलो, "कौशल्ये, बाहेर ये, सूर्य निघून राह्यला!" ती कणकेच्या हातानं आली. म्हणे, "इथचा सूर्य तर कधी पाह्यला नाई तुम्ही, डेपोत तोंड घालून बसत होते." पण उभी राहिली. पूर्ण उजाडेपर्यंत उभी राहिली. आता रोज सव्वानऊला स्वतःच येते.

व्हेनिसबद्दल : त्या गावात गाडी जातच नाही. गावाबाहेर ठेवून बॅगा डोक्यावर घेऊन पुलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. इटलीत जुन्या गावांच्या आत परवानगीशिवाय गाडी नेली की घरी दंडाची चिठ्ठी येते. चालकाला सांगून ठेव. आंतरराष्ट्रीय लायसन्स काढलं का त्यानं, तेही विचार.

प्रेमदास

मोना, तुझ्या बाबानं मले काल इचारलं, 'निकेशले थंडी सहन होते का?' मी म्हटलं, तुम्हीच इचारा जावयाले फोन लावून. तर उठून निघून गेले.


सिंदी मेघे
२८ जुलै

चि. मोनाली,
जय भीम.

पाच! व्हेनिस गेलं, साल्झबर्ग गेलं. शाब्बास. राहिले पॅरिस, ॲमस्टरडॅम, कोलोन, ल्युसर्न, इंटरलाकेन. अजून दोन जास्त आहेत.

तुझ्या आईला तू फोनवर म्हणालीस म्हणे, "बाबा एवढं शिकवून राह्यले, त्यायनं स्वतः कधी असा प्रवास केला का?" विचारलंस ते बरं केलंस. केला. तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा नव्हतीस.

१९९३. आमच्या लग्नाला तीन आठवडे झाले होते. एसटीच्या कर्मचाऱ्याला कुटुंबासह मोफत पास मिळतो, राज्यात कुठंही फिरा. तेव्हा मी साधा कंडक्टर होतो, पण डोकं कंट्रोलरचंच होतं. आठ रात्री बसून तक्ता बनवला. अजिंठा, वेरूळ, औरंगाबाद, नाशिक, मुंबईची चैत्यभूमी, पुणे, महाबळेश्वर, कोल्हापूर. नऊ दिवस, आठ ठिकाणं, बावीस लाल गाड्या. एकही गाडी चुकली नाही! डेपोत परत आलो तेव्हा आमचे साहेब म्हणाले, प्रेमदास, असा तक्ता आपल्या विभागात कोणी बनवला नसेल. तो कागद अजून माझ्या पेटीत आहे.

तेव्हा हे सांगणारा माणूस अनुभवानं सांगतो आहे.

आजकाल मी एक नवीन रस्ता पाहतो आहे. स्टेल्व्हिओ नावाचा घाट, इटलीच्या सरहद्दीवर. एका बाजूनं अठ्ठेचाळीस वळणं. वरून पाहिलं तर शिंप्यानं डोंगराला टाका घातल्यासारखा. मी प्रत्येक वळण मोजलं. बाविसाव्या वळणावर श्वास घ्यायला थांबलो, फोनमध्ये. तुम्ही मात्र त्या रस्त्यानं जाऊ नका. ऑक्टोबरात वर बर्फ पडतो आणि घाट बंद होतात. मी पाहिला तेवढा पुरे.

प्रेमदास

मोना, मी आई. हे चौथ्यांदा बसली लिहाले, आज लिहिनच. नऊ दिवसाच्या त्या फिरण्यात मले काय दिसलं सांगू? ह्यायची पाठ. हे पुढं, मी मागं, हातात घड्याळ ह्यायच्या. अजिंठ्याले आम्ही पोचलो तर म्हणे पन्नास मिनिटं आहेत. माह्या बापानं मले लहानपणापासून सांगतलं होतं, तिथं सव्वीस नंबरच्या लेण्यात बुद्ध निजलेले आहेत, दगडाचे, घरायएवढे लांब, अन् खाली सारे रडून राह्यले. बाप स्वतः कधी गेला नाई, त्यानं आयकलेलं होतं. मले म्हणे, तू गेली तं पाहून येजो अन् मले सांगजो. मी सोळा नंबरपर्यंत गेली. हे म्हणे, चाल, सिल्लोडची गाडी सुटते. मी म्हटलं, सव्वीस. हे म्हणे, पुढच्या वेळी. बाप मरेपर्यंत मले इचारे, 'कसे दिसते गं?' अन् मी खोटं सांगे, 'शांत दिसते बाबा.' बत्तीस वर्षं झाली पोरी, पुढची वेळ नाई आली.

पण एक चांगलं झालं. सिल्लोडच्या अलीकडं ती गाडी बंद पडली. तीन तास. ह्यायचा जीव चालला होता, तक्ता बिघडला म्हणून. मी निंबाखाली बसली, जाम, तुमच्या पुण्याचे पेरू, घेतले एका बाईपासून, मीठ लावून खाल्ले. मग हे पण येऊन बसले. तेव्हा पहिल्यांदा आम्ही बोललो. लग्नाले तीन आठवडे झालते, पण बोललो तेव्हा. ह्यायले विजेचा भेव वाटते हे मले त्या निंबाखाली समजलं. तेवढंच माहं फिरणं. तू असे निंब शोधजो.


सिंदी मेघे
७ ऑगस्ट

मोनाली,

तुझ्या आईनं मागच्या पत्राखाली काय लिहिलं ते पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. फाडणार होतो. हातात धरून बसलो आणि तसंच पोस्टात टाकलं.

मले माहीत नव्हतं, पोरी. तुझ्या आजोबानं तिला सांगितलं होतं, ती खोटं बोलत होती, यातलं काहीच मले माहीत नव्हतं. बत्तीस वर्षं मी तो कागद लोकांना दाखवत होतो. पाहा, एकही गाडी चुकली नाही. काल पेटीतून काढला. अजिंठ्यापुढं माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, "५० मि." त्याच्याकडे पाहत किती वेळ बसलो कोण जाणे.

आता एक माझं. ते तुझ्या आईनं लिहायच्या आधी मीच लिहितो.

मला रजा मिळाली नाही हे खोटं आहे. मी रजा मागितलीच नव्हती. १६ फेब्रुवारीचा ड्यूटी तक्ता मी बनवला आणि त्यात माझ्या हातानं माझं नाव टाकलं. रविवार होता, माझी साप्ताहिक सुट्टी होती, ती मी दुसऱ्याला देऊन टाकली. घरी येऊन तुझ्या आईला म्हटलं, साहेब सोडत नाहीत. ती नवीन लुगडं नेसून तुझ्या मामासोबत निघाली.

तुला हे डेपोतून कोणी तरी सांगितलं असेल. तू फोन उचलत नाहीस याचं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. समजलं नाही असं मी लिहिलं होतं, तेही खोटं.

कारण विचारशील. मुलगा वाईट होता असं नाही. निकेशला मी दोनदा भेटलो, दोन्ही वेळा तो माझ्याशी खुर्चीतून उठून बोलला. मले भेव वाटला. ते हिंगणघाटचे कापसाचे व्यापारी, मोठा गोतावळा. आमच्या बापानं छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, त्याच्या आधी त्याला अशा लोकांच्या अंगणात कुठं उभं राहायचं ते ठरवून दिलेलं असे. तो मेला, पण त्याचं ते उभं राहणं माझ्या पाठीत राहिलं. मला वाटलं, त्यांच्या मांडवात मी कोणत्या खुर्चीवर बसू? कोणी उठून गेलं तर? कोणी तोंडानं गोड बोलून पाणी दुसऱ्या ग्लासातून दिलं तर? तुझ्यासमोर? त्यापेक्षा ड्यूटी बरी. ड्यूटीवर माझी खुर्ची ठरलेली होती.

त्या दिवशी वर्ध्याहून हिंगणघाटला चौदा गाड्या सुटल्या. तास-सव्वातासाचा रस्ता. चौदाही गाड्यांची घोषणा माइकवर मी केली. "हिंगणघाट जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे, प्रवाशांनी बसून घ्यावे." चौदा वेळा. एकीतही मी बसलो नाही.

संध्याकाळी तुझी आई परत आली. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. निकेशच्या वडिलांनी, बापूरावांनी, पहिल्या रांगेत स्वतःच्या बाजूला एक खुर्ची रिकामी ठेवली होती. पाहुणे बसायला आले की ते खुर्चीवर हात ठेवत आणि म्हणत, "तिथं व्याही बसणार आहेत. गाडी लेट आहे." पहिल्यांदा वंदना झाली तेव्हा, मग त्यांचे विधी झाले तेव्हा, जेवणं झाली तेव्हाही. शेवटी मांडववाले खुर्च्या उचलायला आले, तरी त्यांनी ती एक उचलू दिली नाही.

मी सतरा किलोमीटरचा बोगदा पाहिला, बर्फाचे डोंगर पाहिले, तुला लिहून लिहून सांगितलं. पण मले जर कोणी विचारलं की प्रेमदास, तू आयुष्यात सगळ्यात मोठं काय ऐकलं, तर मी ती खुर्ची सांगीन. माणूस असा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. आणि मी ज्याला भ्यालो तो हाच माणूस.

माफ कर असं मी लिहिणार नाही. तुझं लग्न मी पन्नास मिनिटांचंही पाहिलं नाही. ते पुढच्या वेळी म्हणता येत नाही.

तुझा
बाबा


सिंदी मेघे
२२ ऑगस्ट

मोना,

दोन आठवडे झाले. तुझी यादी आली नाही. तुझ्या आईच्या फोनवरही काही नाही. ती विचारते तेव्हा तू म्हणतेस, कामात आहे. व्हिसाच्या कागदांची तारीख जवळ आली असेल, तरी तू गप्प.

इंटरलाकेनला तीन दिवस ढग होते. डोंगर दिसलाच नाही. आम्ही दोघं सव्वानऊला चहा घेऊन पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसलो. तुझी आई म्हणे, "डोंगर कुठं जाते? आहे ना तिथंच." मी म्हटलं, हो.

काल मी बसस्टँडवर गेलो. तीन नंबरच्या फलाटावर हिंगणघाटची गाडी उभी होती. खिडकीत आता नवीन कंट्रोलर बसतो. त्यानं घोषणा केली, प्रवाशांनी बसून घ्यावे. मी बसून घेतलं.

तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. गाडीत मी दर दोन मिनिटांनी रुमालानं तोंड पुसत होतो. बाजूची बाई म्हणे, "दवाखान्यात चालले का भाऊ?" मी म्हटलं, नाई, लग्नाले. ती माझ्या कपड्यांकडे पाहत राहिली.

बापूराव दुकानात होते. मला पाहून उठले. मी हात जोडले, पुढं काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं, एक शब्द आठवला नाही. त्यांनी बाजूची खुर्ची ओढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि म्हणाले, "बसा. किती लेट झाली गाडी?"

मी म्हटलं, "सहा महिने."

"चालते," ते म्हणाले. "रद्द तर नाई झाली." आणि आतून पाणी मागवलं. दोन ग्लास आले, एकाच तांब्यातले. आधी त्यांनी एक उचलून माझ्या हातात दिला, मग आपला घेतला. मोना, मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, भर दुकानात, मापाड्यांसमोर रडलो. त्यांनी कोणाला हटवलं नाही, मला चूप हो म्हटलं नाही. आपलं पाणी पीत बसून राहिले. मग म्हणाले, "आमचा निकेश गाडी जोरात हाकते. तुम्ही त्याले पत्रात चालक म्हणता म्हणे, तो सांगे हसून हसून. त्याले जरा दटावून लिहा."

म्हणजे पत्रं तुम्ही दोघं वाचता. मला वाटलं होतं तू एकटी वाचतेस.

जाऊ दे. यादी पाठव किंवा नको पाठवू. पाचही मुक्काम ठेव, माझी काही हरकत नाही. फक्त संध्याकाळी अंधार पडायच्या आत मुक्कामाला लागत जा, आणि निकेशला म्हणजो, हळू हाक.

बाबा


सिंदी मेघे
३१ ऑगस्ट

माय माझी मोना,

आज दुपारी फोन वाजला. तुझ्या आईचा नाही, माझा! सहा महिन्यांत पहिल्यांदा तुझं नाव माझ्या फोनवर आलं. मी एवढा घाबरलो की फोन पालथा ठेवून दिला आणि तुझ्या आईला हाक मारली. ती म्हणे, "अहो, उघडा ना, चावते का तो?"

यादी होती. ती मी सात वेळा वाचली.

पॅरिस तीन रात्री. स्ट्रासबुर्ग दोन रात्री. इंटरलाकेनच्या वरचं खेडं, पिवळ्या बसचं, तीन रात्री. तीनच नावं! अकराची तीन! आणि खेड्यातल्या दुसऱ्या दिवसापुढं काय, तर रिकामं. फक्त मराठीत लिहिलेलं, "निंब." तुझी आई ते वाचून पदर तोंडाला लावून आत गेली, अजून बाहेर आली नाही.

मी समजलो यादी संपली. बोट सरकवलं तर खाली आणखी होतं. चौदाचे दहा दिवस केलेस, चार रजा वाचल्या, आणि त्या चार दिवसांपुढं लिहिलंस :

"११ ऑक्टोबर, शनिवार. वर्धा. चार मुक्काम.
१३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी अजिंठा, संध्याकाळी वर्धा परत. आई, बाबा, मी. चालक निकेश. आधी २६ नंबर. बाकीची लेणी वेळ उरला तर."

मोना, मी तो फोन कपाळाला लावला. मले दुसरं काही सुचलं नाई. मी तुला मुक्काम कमी कराले शिकवून राह्यलो होतो, अन् तू वाचवलेले दिवस आणून आमच्याच पदरात टाकले. एवढी मोठी तू कधी झाली बाई? मी तं डेपोत होतो.

पण चुका आहेत. दोन आहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत, सांगणं माझं कर्तव्य आहे.

पहिली. अजिंठा सोमवारी बंद असते! मंगळवार कर.

दुसरी. वर्धा ते अजिंठा साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर आहे. एका दिवसात जाणं, पाहणं अन् येणं? मी तुला दोन महिने काय शिकवलं? मुक्काम लाव. सोमवारी भाड्याच्या गाडीनं निवांत निघू, रस्त्यात जिथं निंब दिसला तिथं थांबू, तुझी आई मीठ सोबत घेईल. रात्री तिकडंच राहू. मंगळवारी सकाळी दार उघडलं की सरळ सव्वीस. तिथं किती वेळ थांबायचं ते तुझी आई ठरवेल. माझं घड्याळ मी घरी ठेवून येणार आहे. तुझी रजा एक दिवस वाढते का ते पाहा, नाही वाढली तर मंगळवारी तिथूनच पुण्याला निघा. आम्ही लाल गाडीनं परत येऊ, पास आहे माझ्याजवळ.

बापूरावांनाही विचारलं, फोनवर. ते म्हणे, लेणी पाहाले माहे गुडघे नाई, पण परत आल्यावर सगळे हिंगणघाटले जेवाले या, खुर्च्या ठेवतो.

जावयाला म्हणजो, तिकडं हळू हाकजो. इकडं तर मी बाजूलाच बसणार आहे.

खालचा तक्ता तुझ्या फोनमध्ये ठेव.

दिनांक : ११ ऑक्टोबर, शनिवार
ठिकाण : वर्धा जंक्शन
काम : मोनाली व जावई यांना गाडीतून उतरवून घरी आणणे
ड्यूटीवर : प्रेमदास
बदली माणूस : नाही
गाडी लेट झाल्यास : थांबेल

हाही तक्ता मीच बनवला आहे पोरी, आणि याही वेळी नाव माझ्याच हातानं टाकलं आहे.

तुझा बाबा